हरवलेली काटकसर

१

चोरीला गेलं ते सोनं नव्हतं, चांदी नव्हती. दोन चुंबकं, वर ॲल्युमिनियमचं कवच, सगळं मिळून आकार दिवाळीतल्या करंजीएवढा. पण सेंगकांगच्या बहुमजली कारपार्कात, चौथ्या मजल्यावर, उघड्या बॉनेटसमोर उभ्या असलेल्या प्रबोधरावांचा चेहरा असा होता, की घरातला देव्हाराच कुणी उचलून नेला असावा.

"काल सकाळपर्यंत इथं होती, उल्काताई," ते म्हणाले. "या पेट्रोलच्या नळीवर. माझ्या हातानं बसवलेली."

उल्कामावशींनी चष्मा सावरला आणि वाकून पाहिलं. बेडोकहून त्या बस आणि एलआरटीची छोटी रेल्वे बदलत आल्या होत्या, आणि शुक्रवारच्या संध्याकाळच्या गर्दीत साडीच्या निऱ्या पार चुरगळल्या होत्या. पंधरा वर्षं दर शनिवारी त्यांनी इथल्या मुलांना मराठी शिकवलं होतं. कुणाचं काही हरवलं, की माणसं आधी त्यांना फोन करत. गणपतीतली चांदीची वाटी त्यांनीच शोधली होती, खिरीच्या पातेल्याच्या तळातून.

प्रबोधरावांची हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली होती. बायको गेल्यावर मुलाने, क्षितिजने, त्यांना पुण्याहून इथे परदेशात आणलं. फ्लॅट नवा, लिफ्ट नवी, सगळं बटणावर चालणारं. त्यात दुरुस्त करायला काही नाही. मग त्यांनी पेट्रोल वाचवायचं हे यंत्र केलं. नाव ठेवलं काटकसर. फेब्रुवारीत ते मुलाच्या गाडीला बसवलं, आणि लिटरला बारा किलोमीटर देणारी गाडी तेराच्या वर गेली. एकदा नव्हे, पाच महिने, दर टाकीला.

"परवा रविवारी ईस्ट कोस्टच्या बागेत सगळ्यांना दाखवायचं होतं," ते म्हणाले. "माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्यांपैकी तिघं आपापल्या गाड्या घेऊन येणार आहेत. म्हणून आज जाईला म्हटलं, पावणेसहाला खाली ये, जरा पुसून ठेवू. एरवी अर्धा तास उशिरा येणारी नात, आज ठोक्याला हजर. आणि नेमकं आजच बॉनेट उघडलं तर हे."

"नळीवरच्या या दोन क्लिपा?"

"काटकसर धरून ठेवायच्या त्या."

मावशींनी क्लिप हलवून पाहिली. हलली नाही. चोराने यंत्र काढलं होतं, पण क्लिपा पुन्हा नळीवर नीट आवळून ठेवल्या होत्या. दोन्ही स्क्रूंची तोंडं वर, एका रेषेत, जशी वर्गातली शहाणी मुलं.

"चोर मोठा नीटनेटका दिसतो," त्या म्हणाल्या.

प्रबोधरावांनी त्या स्क्रूंवरून अंगठा फिरवला. मग बॉनेट खाली घेतलं, आपटू न देता.

"सोडवलेला स्क्रू मोकळा ठेवायचा नाही, आणि बसवताना तोंड वर ठेवायचं, म्हणजे पुढच्या माणसाला सोपं जातं. हा आमच्या वर्कशॉपचा कायदा. घरात मी तो एकालाच शिकवला. दहा वर्षांचा होता तेव्हा." त्यांनी फडक्याने हात पुसले, जरी हात स्वच्छच होते. "क्षितिजला."

"विचारलंत त्याला?"

"काय विचारू? पोटच्या पोरानं म्हातारा खुळा ठरवला, तर पुरावा मागायचा? सोमवारी सकाळच्या विमानाचं तिकीट काढलंय मी. पुण्याची खोली आहे अजून. इथं मी पावणाच, ताई. पावण्यानं वेळेवर उठावं."

साताऱ्याकडचा तो 'पावणा' चाळीस वर्षं पुण्यात राहूनही त्यांच्या जिभेवरून गेला नव्हता.

"माझ्याकडे उद्याचा दिवस आहे," मावशी म्हणाल्या. "तोवर बॅग भरू नका."

"भरून झाली," प्रबोधराव म्हणाले.

२

शनिवारी सकाळी बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, सारंग आपल्या नेहमीच्या टेबलाशी बसले होते. बँकेतून निवृत्त झालेला, प्रबोधरावांबरोबर फिरायला जाणारा माणूस. मिशी मात्र अजून नोकरीवर असल्यासारखी कडक. समोर बिनसाखरेची काळी कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणि शेजारच्या खुर्चीवर छत्री ठेवून मावशींसाठी राखलेली जागा.

"या, इन्स्पेक्टर," ते म्हणाले. "मला माहीत होतं, पहिला फेरा माझ्याकडेच येणार."

"काटकसरीला सगळ्यात जास्त तुम्ही हसलात."

"हसलो. चुंबकानं पेट्रोल वाचत असतं, तर इथे पेट्रोल पंपाच्या जागी चुंबकांची दुकानं असती. त्यानं ऐकलं नाही. मग मी पैज लावली. रविवारी हिशेब खरा निघाला, तर मिशी उतरवतो म्हणालो. चारचौघांत. म्हणजे चोरीला कारण आहे माझ्याकडे, बघा. नाकाच्या खालीच आहे."

मावशींना हसू आलं. "मग चोरलीत का?"

"मी?" सारंगनी कप खाली ठेवला. "ताई, मी आजवर गाडीचं बॉनेट उघडलेलं नाही. वायपरचं पाणीसुद्धा जावई भरतो. आणि खरं सांगू? ती चालावी असं मला वाटायला लागलं होतं. गेल्या वर्षी हा माणूस चालताना मान वर करत नव्हता. या पाच महिन्यांत माझ्या पुढे चालतो. त्या पोरीचं, जाईचं नाव तोंडी. जाई असं म्हणाली, जाईनं तसं लिहिलं."

"जाईनं काय लिहिलं?"

"गाडीचा हिशेब. किती किलोमीटर, किती लिटर. जानेवारीपर्यंत तो स्वतः डायरीत लिहायचा. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पंपावरच्या पावतीची बारीक अक्षरं दिसेनात. तेव्हापासून हा डॅशबोर्डवरचे किलोमीटर मोठ्यानं सांगतो, लिटर पावतीवरून ती बघते, आणि फोनमध्ये टाकते. दर दुसऱ्या रविवारी. दोघांची पूजाच म्हणा." त्यांनी कोपीचा घोट घेतला. "तो हिशेब मी मागितला होता तिच्याकडे. गुरुवारी सकाळी मेसेज केला. रविवारी सगळ्यांसमोर तपासायचा तर आधी नजर घालावी म्हटलं."

"पाठवला?"

"ती मुलगी मेसेजला मिनिटात उत्तर देते, ताई. या वेळी दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलंच नाही."

३

सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये दुपारी साबुदाण्याची खिचडी होती आणि शांतता होती. प्रबोधराव आपल्या खोलीत. बाहेरच्या खोलीत भरलेली बॅग, तिच्यावर घडी केलेली लोकरी टोपी. प्रणिता, त्यांची सून, पुन्हा पुन्हा त्या बॅगेकडे बघत होती.

"मावशी, मला ते यंत्र नको होतं, हे मी लपवत नाही," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात गाडीची तपासणी आहे. इंजिनाला काहीबाही लावलेलं त्यांना चालत नाही. पण बाबांना मी तसं स्पष्ट सांगितलं होतं, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी काढतो असं ते कबूल झाले होते. मग मी चोरून कशाला काढू?"

"आणि तू?" मावशींनी क्षितिजला विचारलं.

क्षितिजने खिचडीत चमचा फिरवला. "मला लाज वाटायची. ऑफिसातले लोक लिफ्ट मागायचे, आणि बाबांनी बॉनेट उघडून दाखवलं तर, म्हणून मी टाळायचो. एवढाच माझा गुन्हा. पण काढलं असतं तर त्यांच्या तोंडावर काढलं असतं, मावशी. भांडलो असतो. न भांडता काही करायची पद्धत आमच्या दोघांत नाही."

"गाडीला खरंच फरक पडला होता?"

"काय माहीत. मला टाकी संपवूच देत नाहीत. त्यांचा नियम आहे: दर वेळी तेवढेच किलोमीटर झाले, की पंपावर जायचं, म्हणजे तुलना बरोबर होते. आकडा पाचशेला टेकायच्या आत टाकी भरलीच पाहिजे. टाकी भरली की शून्यावर आणायचा तो मीटर; पाच महिन्यांत मी त्याच्यावर पाचशे पाहिलेले नाहीत."

मावशींचा चमचा क्षणभर थांबला.

"जाई कुठं आहे?"

"खोलीत," प्रणिता म्हणाली. "गुरुवारपासून तिचं काहीतरी बिनसलंय. माझीच चूक असेल. तिच्या दाताची वेळ ठरली होती. दवाखान्यातून घरी फोन आला, तो बाबांनी घेतला आणि तिला निरोप दिला, पावणेपाचला जा. बाईसाहेब गेल्या सव्वापाचला. वेळ हुकली. मी घड्याळ पुढ्यात धरून शिकवणीच घेतली तिची, एकोणीस वर्षांच्या घोडीची. आधी हसत होती. मग एकदम गप्प झाली. पांढरी पडली म्हणा ना."

तेवढ्यात जाई बाहेर आली. शनिवारच्या वर्गातली ही मावशींची सगळ्यात लाडकी मुलगी. पाठ केलेलं गाणं म्हणताना डोळे मिटून घेणारी.

"काय गं जाई, आजोबांची काटकसर कुणी नेली असेल?"

"आय डोन्ट नो ला, मावशी."

"मराठीत सांग की."

"आय रादर नॉट," जाई म्हणाली. पाण्याची बाटली भरली आणि डोळे खाली ठेवून परत गेली.

"हे बघा," क्षितिज म्हणाला. "कालपासून बाबांशीसुद्धा इंग्लिश. पाच महिने दोघांची मराठीत नुसती बडबड चालायची."

मावशी हात धुवायला उठल्या. स्वयंपाकघराच्या तोंडाशी, या घरांमध्ये असते तशी, जाड पोलादी दाराची, युद्धाबिद्धात आसऱ्याला म्हणून बांधलेली निवाऱ्याची खोली होती; अडगळ ठेवायला सगळे तीच वापरतात. दार अर्धवट उघडं होतं. आता निघायचं म्हणून मावशींच्या हातात त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा होता. दाराच्या आतल्या बाजूला गणपतीच्या मखराचं खोकं टेकवलेलं होतं. त्याच्या जवळून जाताना किल्ल्या हातातल्या हातात वळल्या आणि खोक्यामागे झेपावल्या, जसं वासरू गाईकडे ओढ घेतं.

मावशींनी खोकं बोटभर सरकवलं. करंजीएवढं काहीतरी पोलादी दाराला घट्ट बिलगून बसलं होतं.

त्यांनी खोकं होतं तसं ठेवलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही. यंत्र सापडलं होतं. पण चोराचं मन सापडायचं होतं.

४

प्रबोधरावांकडून त्यांनी जुनी डायरी मागून घेतली, आणि जाईला म्हणाल्या, "मला एलआरटीपर्यंत सोडायला चल."

इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबल होतं, वर बुद्धिबळाचा पट कोरलेला. मावशी तिथेच बसल्या.

"तुझ्या फोनमधला हिशेब दाखव."

"मावशी, आय..."

"दाखव, बाळ."

फोनवर दहा नोंदी होत्या. किलोमीटरच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा: पाचशे पंचवीस. मावशींनी शेजारी डायरी उघडली. प्रबोधरावांच्या ठसठशीत देवनागरी आकड्यांत, जानेवारीपर्यंत, ओळीमागून ओळ: ४७५, ४७५, ४७५.

"तुझे बाबा म्हणतात, मीटरवर पाचशे कधी झालेच नाहीत," मावशी सावकाश म्हणाल्या. "मग पाचशे पंचवीस आले कुठून? आजोबा तुला आकडा मराठीत सांगायचे. ते चारशे पंचाहत्तर कधीच म्हणणार नाहीत. ते म्हणणार, पावणेपाचशे."

जाईने पटावरच्या काळ्या चौकोनावर नखाने रेघ मारली.

"पावणेपाचची वेळ दिली, तू सव्वापाचला गेलीस. आजोबांनी पावणे म्हटलं, की तू अर्धा तास उशिरा. गुरुवारी आईनं घड्याळ धरून सांगितलं, की पावणे म्हणजे पाव कमी. तेव्हा तू पांढरी पडलीस, ती दातामुळं नव्हे. सकाळीच सारंगकाकांनी हिशेब मागितला होता. शुक्रवारी काटकसर गायब निघाली, आणि त्याच दिवशी तू पहिल्यांदा पावणेसहाला ठोक्यावर आलीस."

"क्लिपा मी टाइट केल्या होत्या," जाई हळूच म्हणाली. मराठीत. "लूज ठेवल्या तर आजोबांना आवडत नाही."

"ते तुला त्यांनी कधी शिकवलं?"

"शिकवलं नाही. मी टॉर्च धरून उभी होते."

मावशींनी डायरी मिटली. वरून एलआरटीचा डबा गेला, दोन लहान मुलांची नाकं काचेला चिकटलेली.

"मला सांगायचं होतं, मावशी. पण ते इतके हॅपी होते. मी ॲव्हरेजचा नंबर वाचला की म्हणायचे, जाई, परत वाच. आय मेड इट अप, यू नो? पाच महिने. यंत्र काही करत नव्हतं, माझं मराठी करत होतं. संडेला सगळे हसले असते त्यांना. म्हटलं, यंत्रच नसलं तर कोण चेक करणार. मग ते म्हणाले बाबांनी घेतलं, आणि तिकीट काढलं." तिने फोन पालथा ठेवला. "आता बोलायलाच भीती वाटते. मी बोलले की चूकच होणार."

"यातली पाव चूक माझी आहे," मावशी म्हणाल्या. "वर्गात मीच शिकवलं होतं तुला, पाव म्हणजे क्वार्टर. क्वार्टर पुढचा की मागचा, ते सांगायचं राहिलं. त्या शनिवारी तुमची सहल होती, आणि मी धडा परत घेतलाच नाही. थांब, आज घेते."

आणि त्या दगडी टेबलाशी, बाजाराच्या पिशव्या घेऊन जाणाऱ्या चिनी आजीबाई वळून बघत असताना, मावशींनी जात्यावर बसल्यासारखं अंग डोलवत म्हटलं:

*पावणे गं आले दारी, उभे उंबऱ्याभाईर*
*पाव पाऊल राहिलं, तोवर भरंना घर*
*सव्वा गं आला कोण, गेला उंबरा लांघून*
*पाव पाऊल पुढंच, बसे माजघरी जाऊन*

"पावणे म्हणजे गेस्ट?" जाईने विचारलं.

"तुझ्या आजोबांच्या गावाकडं पाहुण्याला पावणाच म्हणतात. पावणेपाच म्हणजे पाच वाजायला दारात उभे. अजून आत यायचेत."

जाईने ओठ हलवून ओळ मनात म्हटली. मग विचारलं, "आजोबा म्हणतात, मी इथं पावणा. तसंच?"

मावशींनी तिला जवळ ओढलं. पदराने तिचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "निवाऱ्यातली करंजी घे, आणि वर चल. हे मी सांगणार नाही. तू सांगायचं, आणि मराठीत."

५

जाईने सांगितलं. अडखळत, तीनदा थांबत, पण सगळं. ओंजळीत ती काटकसर धरून. क्षितिज आणि प्रणिता दाराशी उभे होते. प्रबोधरावांनी डायरी घेतली, चष्म्यावर भिंग धरलं, फोनमधला आकडा पाहिला. पावत्यांवरचे लिटर जाईने वाचून दाखवले, तसे ते बोटांच्या पेरांवर मोजत गेले.

"चाळीस लिटरला पावणेपाचशे," शेवटी ते म्हणाले. "लिटरला बाराला जरा कमीच. जानेवारीत होती तेवढीच."

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे निकामी." त्यांनी यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं. "चाळीस वर्षं वर्कशॉपमध्ये मी पोरांना सांगत आलो, माप घेणारा आणि नोंद करणारा एकमेकांना तपासत नसेल, तर ती नोंद फाडून टाका. आणि स्वतः एकदाही पावती मागितली नाही. का माहीत आहे? भीती वाटायची. आकडा खाली आला, तर रविवार संपेल."

"मला पण तीच भीती होती," जाई म्हणाली.

प्रबोधरावांनी मान वर केली. "तुला? तुला कशाला रविवारची भीती?"

"यंत्र नसलं तर तुम्ही मला कशाला बोलावणार?"

म्हातारा नातीकडे बघत राहिला. मग दाराकडे वळला. "क्षितिज, तुझ्यावर आळ घेतला मी. स्क्रूची तोंडं बघून."

"बाबा," क्षितिज म्हणाला, "स्क्रूची तोंडं वर ठेवायची, हे मी केव्हाच विसरलो होतो. तिनं उचललं ते."

"मी टॉर्च धरणाऱ्याला मोजलंच नाही," प्रबोधराव म्हणाले.

रविवारी ईस्ट कोस्टला तिन्ही गाड्या आल्या. समुद्राकडून वारा होता, सायकलींच्या घंटा होत्या. प्रबोधरावांनी बॉनेट उघडून मोकळी नळी दाखवली आणि एका दमात सांगितलं, की यंत्र चालत नाही, नोंद चुकली होती, आणि नोंद तपासणं हे त्यांचं काम होतं, ते त्यांनी केलं नाही. नातीचं नाव त्यांनी घेतलं नाही. तिनेच पुढे येऊन सांगितलं. पावणे आणि सव्वा ऐकल्यावर आधी सारंग हसले, मग सगळेच. कारण तिथल्या प्रत्येकाच्या घरी पावणेआठच्या जेवणाला सव्वाआठला येणारं कुणीतरी होतंच.

"मिशी वाचली," सारंग म्हणाले. "पण बाराची गाडी तेराची करणारी पोर मला बँकेत मिळायला हवी होती. चल प्रबोध, चालायला. आज मी पुढं."

"चालून दाखव," प्रबोधराव म्हणाले.

तिकिटाचं मात्र त्या दिवशी कुणी विचारलं नाही. विचारायचा धीरच कुणाला झाला नाही. बॅग होती तिथेच होती.

सोमवारी सकाळी मावशी जाईचं विसरलेलं जॅकेट द्यायला सेंगकांगला आल्या. खरं म्हणजे जॅकेट हे निमित्त. फ्रिजच्या दारावर काटकसर चिकटली होती आणि तिच्याखाली घडी उलगडलेलं तिकीट. शेजारी जाईच्या नवख्या अक्षरात, देवनागरीत, एका चिठ्ठीवर फक्त आकडा: ४७५. चारचं पोट जरा मोठं झालं होतं.

प्रबोधराव टेबलाशी बसून घरातला एकुलता एक बंद पडलेला टोस्टर उघडत होते. जाई कॉलेजची बॅग पाठीला लावून बाहेर आली, फ्रिजसमोर थांबली, तिकिटावरची वेळ वाचली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"आजोबा, पावणेनऊ. तुमचं विमान सुटलं."

प्रबोधरावांनी घड्याळाकडे पाहिलं. लहान काटा नवाच्या दारात, पाव पाऊल अलीकडे.

"बरोबर," ते म्हणाले. "टॉर्च आण. या स्क्रूचं तोंड दिसत नाहीये."